अनुभव, बांधिलकी आणि उत्तरदायित्व : दूरच्या एका दवाखान्याच्या निमित्ताने

दलित आणि आदिवासी साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना एम.ए.च्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखा येतो. दलितेतराने रंगवलेले दलित जीवन, आदिवासी नसलेल्याने लिहिलेली आदिवासींची कादंबरी यांना त्या त्या साहित्यात स्थान द्यावे काय? या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे इतकी घोटून तयार आहेत की परीक्षेत ती दहा गुणांना लिहिता येतात. एका बाजूला अनुभवाची अस्सलता, दुसऱ्या बाजूला कल्पनाशक्ती आणि सहानुभूती यांचे सामर्थ्य, आणि शेवटी 'बांधिलकी' हा शब्द घालून केलेला समन्वय. गेली अठरा वर्षे मीही हे असेच शिकवत आले आहे.

गेल्या वर्षी या चर्चेच्या वेळी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. ती सातपुड्यातली, धडगाव तालुक्यातली. एरवी फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, माझी आई आशा आहे. बाळंतिणीला घेऊन ती तालुक्याच्या दवाखान्यात जाते. डॉक्टरांना पावरी येत नाही, बाईला मराठी येत नाही. दोघांचं बोलणं आईच करून देते. औषध कसं घ्यायचं, घरी कोण ऐकेल, कोण नाही, हे सगळं आईला माहीत. पण कागदावर आईचं काम एवढंच, की तिने बाईला 'सोबत आणले'. मग अनुभव कुणाचा आणि बांधिलकी कुणाची?"

वर्ग हसला नाही, हे त्या मुलांचे मोठेपण. मला मात्र उत्तर देता आले नाही. तास संपला. त्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर मिळाले ते फार लांबून, ऑस्ट्रेलियातून. ते इथे मांडून पाहते.

त्या सुमारास मी अ‍ॅलेक्सिस राइट या वान्यी लेखिकेवर टिपणे काढत होते. 'कार्पेंटारिया' या तिच्या कादंबरीला २००७ साली माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच्या दहा वर्षे आधी, १९९७ मध्ये, तिने 'ग्रॉग वॉर' नावाचे एक पुस्तक लिहिले होते. टेनंट क्रीक या गावातल्या मूलनिवासींनी दारूविक्रीवर निर्बंध आणण्यासाठी जो लढा दिला, त्याची ती हकिकत. कादंबरीकाराने असे पुस्तक का लिहावे, याचा माग काढताना मी तिथल्या मूलनिवासींच्या आरोग्यसंस्थांपर्यंत पोहोचले आणि साहित्याची टिपणे बाजूला राहिली.

थोडी पार्श्वभूमी. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न या वस्तीत मूलनिवासींनी स्वतःचा दवाखाना काढला. सरकारी रुग्णालये शहरात होतीच, पण तिथे मिळणारी वागणूक अशी होती की माणसे दुखणे अंगावर काढत. गॉर्डन ब्रिस्को, 'मम शर्ल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्ली स्मिथ असे कार्यकर्ते आणि फ्रेड हॉलोज हे नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून तो उभा केला. डॉक्टर गोरे होते, विनामूल्य काम करत होते. परंतु दवाखाना कसा चालवायचा, हे ठरवणारे मंडळ मूलनिवासींचे होते. १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात तशीच संस्था निघाली. त्याच वर्षी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला 'सेंट्रल ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनल काँग्रेस' स्थापन झाली आणि तीही पुढे दवाखाना चालवू लागली. आज अशा समुदाय-नियंत्रित संस्था शंभराहून अधिक आहेत. प्राथमिक आरोग्यसेवेचा अल्मा-आटाचा जाहीरनामा १९७८ सालचा, म्हणजे रेडफर्न त्याच्या सात वर्षे आधीचे. आपल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केले ते १९७० मध्ये. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी साधारण एकाच वेळी हे सुचावे, याचे मला अप्रूप वाटले.

या संस्थांचा कणा म्हणजे तिथला मूलनिवासी आरोग्य-कार्यकर्ता. 'हेल्थ वर्कर' म्हणून ही माणसे अनेक वर्षे काम करत होतीच. नॉर्दर्न टेरिटरीने १९८५ मध्ये त्यांची कायदेशीर नोंदणी सुरू केली आणि १ जुलै २०१२ पासून 'अ‍ॅबोरिजिनल अँड टॉरेस स्ट्रेट आयलंडर हेल्थ प्रॅक्टिशनर' हा व्यवसाय देशभर नोंदणीकृत झाला. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य यांचे नियमन ज्या व्यवस्थेत होते, त्याच व्यवस्थेत या व्यवसायाचे स्वतंत्र मंडळ आहे. ठरावीक अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून आणि नोंदणी असल्यावाचून ही पदवी कोणी आपल्या नावापुढे लावली, तर तो गुन्हा ठरतो.

हे काम नेमके काय, ते समजून घेण्याजोगे आहे. रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासणे, लस देणे, जखम बांधणे, ठरलेल्या उपचार-पुस्तिकेनुसार औषध देणे, ही त्याची वरवर दिसणारी बाजू. संधिवाताच्या तापामुळे होणाऱ्या हृदयविकाराचे उदाहरण घेऊ. श्रीमंत देशांतून जवळजवळ नाहीसा झालेला हा आजार ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांत अजून आहे. दाटीवाटीची घरे हे त्याचे एक मोठे कारण. ताप एकदा येऊन गेला की तो पुन्हा येऊन हृदयाच्या झडपा बिघडवू नये म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी, काही वेळा त्याहूनही लवकर, पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. इंजेक्शन जाड आणि दुखरे. मूल आठ वर्षांचे असताना सुरू झालेला हा क्रम ते वयात येईपर्यंत आणि पुढेही चालू राहतो. आता प्रश्न असा, की अठ्ठाविसाव्या दिवशी मूल आहे कुठे?

दवाखान्याच्या कागदावर आईचे नाव एक असते. पण तिथल्या अनेक समाजांच्या नातेव्यवस्थेत आईची बहीण ही आईच, आणि बापाचा भाऊ हा बापच. 'माय मरो, मावशी उरो' म्हणणाऱ्या आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. मूल या आईकडे चार दिवस, त्या आईकडे आठ दिवस असते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बाहेरून आलेल्या परिचारिकेच्या वहीत ते मूल 'सापडत नाही' असे नोंदले जाते. प्रॅक्टिशनरला ते आज कोणत्या घरी जेवले असेल, हे ठाऊक असते. त्या मुलाला इंजेक्शन घ्यायला राजी करण्याचा अधिकार कोणत्या मामाला वा आजीला आहे, हेही.

दुसरे उदाहरण तर भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे. अनेक समाजांत मृताचे नाव काही काळ उच्चारत नाहीत. गावात त्याच नावाचा जिवंत माणूस असेल तर त्यालाही तोवर दुसऱ्या नावाने हाक मारायची. वेस्टर्न डेझर्टमध्ये त्यासाठी 'कुन्मनारा' असा शब्दच आहे. आता प्रतीक्षागृहात बसलेल्यांची नावे यादीवरून मोठ्याने पुकारणारा एखादा कर्मचारी डोळ्यांपुढे आणा. त्याच्या लेखी ते केवळ नाव; समोर बसलेल्या कुटुंबाच्या लेखी मोठा आघात. जावई आणि सासू यांनी एकमेकांसमोर यायचे नाही, असा दंडक असलेल्या समाजात दोघांना एकाच बाकावर बसवले, तर त्यातला एक जण काही न बोलता उठून जातो आणि नोंद होते ती 'रुग्ण न थांबता गेला' अशी. प्रॅक्टिशनर स्वतःही याच नात्यांच्या जाळ्यात असतो. एखादा रुग्ण त्याच्याशी अशा वर्ज्य नात्यात असेल, तर त्याला तपासायला तो सहकाऱ्याला बोलावतो. स्त्रियांच्या बाबी स्त्रीने, पुरुषांच्या बाबी पुरुषाने पाहायच्या, हा संकेतही असतोच.

माझ्या आजीची आठवण इथे होते. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रियेबद्दल सांगितले. ती प्रत्येक वाक्याला "हो" म्हणाली. बाहेर आल्यावर मला विचारले, "काय म्हणत होता गं तो?" तिचा होकार हा केवळ आदर होता, त्याला संमती समजून तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला होता. डार्विन भागातल्या योल्ङु डायलिसिस-रुग्णांचा आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचा संवाद तपासणारा एक अभ्यास २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की खऱ्या अर्थाने परस्परांना समजलेले असे फार थोडे होते आणि आपल्याला समजलेले नाही, हेसुद्धा बहुतेकदा कोणाच्या ध्यानात येत नव्हते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. अर्थ कळला नाही हे ज्याला कळते तो निदान विचारतो तरी.

इथे आपल्यातला एखादा वाचक म्हणेल, की मग चांगले दुभाषे नेमा, डॉक्टरांना चार महिने संस्कृती शिकवा. त्यासाठी निराळा व्यवसाय कशाला? आणि त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न आहे. या व्यवसायाच्या नोंदणीसाठी उमेदवार मूलनिवासी असलाच पाहिजे, अशी अट आहे. ज्या महाराष्ट्राने जन्माधिष्ठित व्यवसायाविरुद्ध शतकभर झगडा केला, त्या महाराष्ट्रातल्या माणसाने जन्मावर पात्रता ठरवणारा हा नियम कसा मान्य करावा? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही.

माझे उत्तर असे. तिथे मूलनिवासी असणे याला तीन अंगे मानतात : वंश, स्वतःची स्वतःबद्दलची ओळख, आणि समाजाने तुम्हाला आपले म्हणून स्वीकारणे. यातले तिसरे अंग मला निर्णायक वाटते. जातीने दिलेला धंदा हा वरून लादलेला असतो आणि तो सोडायची मुभा नसते. इथे कोणी लादलेले नाही. समाज ओळख देतो, व्यक्ती काम निवडते, आणि तरीही नुसत्या ओळखीवर काही मिळत नाही. अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, नोंदणी टिकवावी लागते, चूक झाली तर मंडळापुढे जाब द्यावा लागतो. जन्म हा प्रवेशाचा एक दाखला आहे, त्याने काम येत नाही. राहिला दुभाष्याचा मुद्दा. दुभाषी शब्द पोहोचवतो आणि त्याचे काम मोलाचेच आहे. पण तो निर्णय घेत नाही. इंजेक्शन आज द्यायचे की अंत्यविधी आटोपल्यावर दोन दिवसांनी, हा निर्णय वैद्यकीय असतो आणि सामाजिकही. तो दोन्ही बाजूंनी घेऊ शकणारा माणूस नोंदणीकृत असावा, त्याच्या निर्णयाला वजन असावे, हा या व्यवसायामागचा विचार.

म्हणूनच या माणसांना सरसकट 'दुवा' म्हणण्याची जी पद्धत आहे, तिच्याविषयी माझी तक्रार आहे. तो शब्द गौरवाने वापरला जातो, पण त्यात ज्ञान दोन टोकांना असते आणि मधल्याकडे केवळ पोहोचवण्याचे काम उरते. व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो, की प्रॅक्टिशनरला गाडी चालवायला, रुग्ण शोधून आणायला आणि भाषांतराला वापरतात, आणि त्याचे तपासणीचे कौशल्य वाया जाते. तिथल्या या व्यवसायातले लोक ही तक्रार सातत्याने करत आले आहेत. डॉक्टर काही आठवड्यांसाठी विमानाने येतात आणि जातात; राहतो तो हा. दुकानात, रस्त्यात, मयताच्या घरी त्याला कोणीही गाठून दुखणे सांगतो. ज्यांच्या नोंदी तो ठेवतो त्यांतली अनेक माणसे त्याची नात्यातली असतात, आणि त्यांच्या मरणाचे सुतकही त्यालाच असते. हे ओझे व्यवस्थेने मोजलेले नाही. तेव्हा तिथे सगळे आलबेल आहे, असे मला सुचवायचे नाही. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागानुसार २०२०–२२ या काळातही मूलनिवासी पुरुषांचे आयुर्मान इतरांपेक्षा ८.८ वर्षांनी आणि स्त्रियांचे ८.१ वर्षांनी कमी होते.

आता साहित्याकडे वळते. कारण या सगळ्यातून मला जे मिळाले ते आपल्या चर्चेतल्या एका उणिवेचे भान.

आपण अनुभव म्हणतो, सहानुभूती म्हणतो, बांधिलकी म्हणतो. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. त्यांचा निवाडा लेखकाच्या अंतःकरणात होतो. अनुभव त्याचा, कळवळा त्याचा, आणि बांधिलकीही त्यानेच जाहीर केलेली. समीक्षक फार तर तिचा प्रामाणिकपणा तपासतो, आणि तोही पुस्तकाच्या आतच. ज्यांच्याविषयी लिहिले ते लोक या व्यवहारात कुठेच नाहीत. रेडफर्नच्या दवाखान्यात मात्र गोऱ्या डॉक्टरच्या कळवळ्याची परीक्षा कोणी घेत बसले नाही. तो मंडळाला जबाबदार होता आणि मंडळ वस्तीला. फ्रेड हॉलोज मूलनिवासी नव्हते, तरीही तिथे त्यांना स्थान होते. आणि मूलनिवासी कार्यकर्त्यालाही जन्माच्या बळावर जबाबदारीतून सूट नव्हती. म्हणजे 'आतला की बाहेरचा' या आपल्या लाडक्या प्रश्नाच्या पलीकडे तिथे एक तिसरा प्रश्न विचारला गेला : हा माणूस उत्तर कोणाला देतो? याला मी उत्तरदायित्व म्हणते. बांधिलकी ज्याची त्याने मानायची असते. उत्तरदायित्व दुसरा मागतो आणि ते द्यावे लागते.

यावर आक्षेप येईल, की लेखकाने समाजाला उत्तर द्यायचे म्हणजे लेखणीवर पंचायत बसवणे. आक्षेप खरा आहे आणि महाराष्ट्रात तर पुस्तके जाळण्याचा, लेखकांना धमकावण्याचा इतिहास जवळचा आहे. परंतु झुंडीचा दबाव आणि उत्तरदायित्व यांत फरक आहे. झुंडीला पुस्तक वाचायचे नसते. समुदाय-नियंत्रित संस्थेत निवडलेले मंडळ असते, बैठका असतात, हिशेब असतो, मतभेद असतात, आणि डॉक्टरच्या औषधशास्त्रात मंडळ ढवळाढवळ करत नाही. कथनकलेतही तसेच असू शकते. आपण ज्यांच्यावर लिहिले, त्यांच्यात पुस्तक घेऊन जाणे, ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे, त्यांनी काढलेल्या चुका पुढच्या आवृत्तीत नोंदवणे, मानधनातला वाटा देणे, एवढे तरी शक्य आहे. कितीशा संशोधकांनी लोककथा गोळा केल्यावर सांगणाऱ्या आजीबाईचे नाव मुखपृष्ठावर छापले? माझ्या स्वतःच्या एम.फिल.च्या प्रबंधात अकरा ओवीगायिका 'निवेदक क्रमांक १ ते ११' अशा आहेत. हे लिहिताना मला लाज वाटते.

एक घटना सांगते. अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून पाचशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला किंटोर नावाची वस्ती आहे. तिथल्या मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांना डायलिसिससाठी गाव सोडून शहरात जावे लागे आणि उरलेले आयुष्य आप्तांपासून दूर काढावे लागे. २००० साली 'पापुन्या तुला' परंपरेतल्या चित्रकारांनी एकत्र येऊन मोठी चित्रे काढली, सिडनीच्या कलादालनात त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू केले. ती चित्रे त्यांच्या भूमीच्या कथांची होती. कलेची सामाजिक उपयुक्तता आम्ही वर्गात किती वर्षे कुटत बसलो आहोत! इथे कलावंतांनी निबंध लिहिला नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना गावातच राहता यावे म्हणून त्यांनी चित्रे काढली, आणि पैशाचे काय करायचे ते गावाने ठरवले.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी, मूलनिवासींना संसदेपुढे मत मांडण्यासाठी घटनात्मक व्यासपीठ द्यावे की नाही, यावर ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. देशाच्या पातळीवर जे नाकारले गेले ते दवाखान्याच्या पातळीवर पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्याचे फळही दिसलेले आहे. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा या संस्थांनी सरकारची वाट न पाहता वस्त्यांच्या वाटा बंद केल्या, स्थानिक भाषांत सूचना दिल्या. त्या वर्षी तिथल्या मूलनिवासींमध्ये कोविडने एकही मृत्यू झाला नाही. ऐकून घेतले जाणे ही आपण साहित्यात एक भावनिक गोष्ट मानतो. तिथे ती जीव वाचवणारी गोष्ट ठरली.

आणि आपल्याकडे? जामखेडने, पुढे गडचिरोलीत 'सर्च'ने, गावातल्या स्त्रीला आरोग्याचे ज्ञान देता येते, हे जगाला दाखवले. २००५ पासून 'आशा' देशभर आली. पण तिला आपण आजही स्वयंसेविका म्हणतो, वेतनाऐवजी मानधन देतो, आणि तिच्या दुभाषेपणाची नोंदसुद्धा घेत नाही. शब्दांच्या निवडीतच तिची पायरी ठरलेली आहे, आणि शब्दांची निवड हे तर आपले, भाषेच्या शिक्षकांचे, क्षेत्र.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर बोलावून एवढेच म्हणाले, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता अर्धे आहे. तिने लघुप्रबंधासाठी आईच्या कामातली भाषा हा विषय घेतला आहे : पावरीतले दुखणे मराठीत येताना काय गळते आणि काय नव्याने भरले जाते. विद्यापीठाच्या नमुन्यात 'निवेदक' असा रकाना आहे. तिथे आईचे नाव आणि तिच्यापुढे 'सह-संशोधक' असे लिहायचे आम्ही ठरवले आहे. समितीने हरकत घेतली तर उत्तर मी देईन. आपल्यापैकी जे अशा समित्यांवर बसतात त्यांनी, असा कागद समोर आल्यावर काय करणार, याचा विचार आधीच करून ठेवावा, एवढी विनंती.